१४० तबकड्या, १०x१२ चा हॉल आणि ६० हजार: आधी काय घेऊ?

माळ्यावरचा:
नमस्कार मंडळी. सांगलीचं घर आवरताना माळ्यावरून आजोबांच्या तबकड्यांचे तीन खोके निघाले. मोजल्या तर ११३ एलपी आणि २७ त्या जाड, जड, ७८ वाल्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या). बहुतेक नाट्यसंगीत, मग भीमसेन, कुमार, किशोरीताई, थोडी सनई. सोबत पेटीसारखा प्लेअर होता पण त्याचं आतलं रबर वितळून गुळाच्या काकवीसारखं झालंय, त्यामुळे तो शोभेला ठेवलाय.

आता कोथरूडच्या फ्लॅटमधे नवा सेटप करायचाय. हॉल १०x१२, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं काचेचं सरकतं दार. बजेट ६० हजार (गृहमंत्रालयाने मंजूर केलेलं, वाढीव अनुदान मिळणार नाही). काल एका दुकानात गेलो तर मालक म्हणाला आधी १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, बाकी सगळं त्याच्यावर बसतं. मित्र म्हणतो टर्नटेबलवर पैसे घाल. मला यातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सदाशिवपेठी_वीज:
दुकानात १०० वॉटचा अ‍ॅम्प पडून असणार, म्हणून तो आधी.

स्पीकर आधी. निम्मे पैसे स्पीकरला घाला, कारण आवाजातला सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. दोन बऱ्या अ‍ॅम्पमधला फरक डोळे मिटून ओळखून दाखवा, मी मिसळ खाऊ घालतो. दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या काकूपण ओळखतील.

खरखर:
नेहमीप्रमाणे असहमत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सुई खोबणीतून जे उचलणार नाही ते पुढचा कितीही भारी स्पीकर आणून देणार नाही. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने सत्तरच्या दशकात हाच धोशा लावला होता, आधी टर्नटेबल मग बाकी सगळं, आणि त्यावर अख्खा धंदा उभा केला.

सदाशिवपेठी_वीज:
टर्नटेबल विकणाऱ्याने टर्नटेबल आधी घ्या म्हणावं यात नवल ते काय. वरचा दुकानदार आणि लिन, सारखेच. आणि आडात पाणी असलं तरी पोहऱ्याला भोक असेल तर घरी काय नेणार?

ढब्बू_मिरची:
आड, पोहरा, भोक... धागा पाणीपुरवठा विभागात हलवा.

आमच्याकडे ९६ साली टू-इन-वन होता, त्यावर लिहिलेलं १२०० वॉट पीएमपीओ. इस्त्री ७५० ची. म्हणजे टेपवर कपडे जास्त कडक निघायला हवे होते.

माळ्यावरचा:
@ढब्बू :)) पण खरंच विचारतो, १०० वॉट लागतात का? दुकानदार म्हणाला कमी वॉटमधे "दम" येत नाही.

सदाशिवपेठी_वीज:
नाही लागत. स्पीकरच्या मागे किंवा कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डीबी आवाज. दर वेळी वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. २ वॉटला ८९, ४ ला ९२, ८ ला ९५, १६ ला ९८. तुमच्या हॉलमधे ९० च्या वर गेलात तर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटेल. आता गंमत बघा, ५० चे १०० वॉट केले तर पैसे बरेच जास्त आणि मिळाले काय, तेच ३ डीबी. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. ३०-४० खरे वॉट (आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे; ढब्बूचे फुगवलेले पीएमपीओ नव्हे) तुम्हाला जन्मभर पुरतील.

उलट ८२-८३ डीबीचे मठ्ठ स्पीकर असतात, बीबीसीच्या त्या छोट्या एलएस३/५ए सारखे, मठ्ठ पण सुंदर, तिथे जरा ताकदीचा अ‍ॅम्प बघावा. मॅचिंग मॅचिंग म्हणतात त्यातलं निम्मं मॅचिंग एवढंच आहे, सेन्सिटिव्हिटी आणि वॉट.

लॅमिंग्टन_लोकल:
आणि उरलेलं निम्मं ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; तो फार कमी झाला की अ‍ॅम्पवर ताण. मी पदरमोड करून शिकलोय म्हणून सांगतो. माझ्याकडे जुना जपानी अ‍ॅम्प होता, मागे ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय. मी हॉलमधे एक जोडी आणि बेडरूममधे एक जोडी लावली, दोन्ही ४ ओहमच्या, आणि वाढदिवसाला ए+बी दाबून ठेवलं. समांतर जोडले की ४ आणि ४ चे २ ओहम होतात हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. केक कापायच्या आधी आतून जळक्या मक्याच्या कणसासारखा वास आला. आऊटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. अ‍ॅम्पच्या मागे "किमान ८ ओहम" असं लिहिलेलं होतं, आम्ही ते मागच्या भिंतीला वाचायला दिलेलं.

तर ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर घ्या आणि सुखाने झोपा.

काळी_पाच:
सगळे वॉटमधे रमलेत आणि मूळ धाग्यातली महत्त्वाची ओळ कुणी वाचलीच नाही. २७ तबकड्या ७८ च्या आहेत!! बाजारात स्वस्तातले बरेचसे टर्नटेबल ३३ आणि ४५ एवढेच फिरतात. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स सगळे सुचवतील, चांगलं आहे, बटण दाबलं की आपोआप वाजतं, पण त्यावर ७८ नाही आणि सुईचं वजनही बदलता येत नाही.

आणि नुसता वेग असून भागत नाही. एलपीची खोबण बारीक, तिची सुई टोकाला साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७८ ची खोबण त्याहून बरीच रुंद, तिला ३ मिलच्या आसपासची सुई लागते. एलपीची सुई ७८ मधे घातली तर ती खोबणीच्या तळाशी जाऊन शंभर वर्षांचा कचरा उपसत बसते, गाणं राहतं वर. लोक ऐकतात आणि म्हणतात रेकॉर्ड खराब झाली. रेकॉर्ड चांगली असते हो, सुई चुकलेली असते.

माझा हार्मोनियमचा क्लास आहे, जुन्या नाटकवाल्यांच्या ७८ मुलांना ऐकवते. तीन मिनिटांत आलापासकट पद संपवायचं म्हणजे काय ते त्यांना कळतं.

माळ्यावरचा:
@काळी_पाच देवासारख्या धावून आलात. म्हणजे दोन टर्नटेबलं घ्यायची??

काळी_पाच:
छे. त्याच कंपनीचं एलपी१२०एक्स बघा, त्यात ३३, ४५, ७८ तिन्ही आहेत. त्याच्यासोबत व्हीएम९५ई काट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) येतं, आणि या व्हीएम९५ घराण्यात पुढची सुई तेवढी ओढून काढता येते. ७८ साठी एसपी नावाची वेगळी सुई मिळते, ती त्याच अंगावर बसते. फक्त एक लक्षात ठेवा, एलपीच्या सुईला २ ग्रॅम वजन, ७८ च्या सुईला ५. बदलताना मागचं वजन फिरवून नीट मोजायचं. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच. माझ्याकडून एकदा ५ वर ठेवलेलं विसरून एलपी लागली, बारा मिनिटं. ती एलपी माझी नव्हती हे अजून मालकिणीला माहीत नाही. (ती मायबाई हा धागा वाचत नसावी.)

खरखर:
म्हणजे शेवटी टर्नटेबलच आधी ठरलं. मी काय म्हणत होतो?

सदाशिवपेठी_वीज:
तुम्ही लिन म्हणत होता. काळी_पाच तबकड्या बघून बोलल्या. फरक आहे.

न्यूजर्सीकर:
माझाही एक किस्सा. मागच्या डिसेंबरात पुण्याला येताना गराज सेलमधून जुनं बेल्टवालं टर्नटेबल उचललं, पाच किलो, सामानात स्वेटर गुंडाळून आणलं. ११० व्होल्टचं आहे हे माहीत होतं, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, शहाणपणा केला असं वाटलं. लावलं तर गायक झोपेत गातोय. बेल्ट बदलला, तेल घातलं, काही नाही. मग भाच्याने सांगितलं की मामा, तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०.

या मोटरा विजेच्या ठोक्यावर फिरतात, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ठोका नाही बदलत. ३३ चं झालं २८.

काळी_पाच:
अय्या! म्हणजे जवळजवळ तीन अर्धे सूर खाली. काळी एकमधे गाणारा बुवा तुमच्याकडे खालच्या काळी पाचमधे गात असणार. माझं नाव घेतलंत म्हणून सांगते, ५० हर्ट्झची मोठी पुली मिळते का बघा, त्याच मॉडेलची युरोपातली आवृत्ती असेल तर तिची बसते.

लॅमिंग्टन_लोकल:
याच कारणासाठी टेक्निक्स एसएल-१२०० सारखी डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय, मोटर थेट तबकडीखाली) मशीनं बरी, त्यातल्या एमके२ पासून पुढच्यांना स्वतःचा क्वार्ट्झचा ठोका आहे, तिकडून आणली तरी व्होल्टेज तेवढं सांभाळलं की झालं. एलपी१२०एक्स पण डायरेक्ट ड्राइव्ह.

सेकंडहँड स्पीकर बघणार असाल तर एक टीप. जाळी काढा आणि कोनाच्या (हलणाऱ्या शंकूच्या) कडेच्या रिंगला बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल आणि बोटाला काळी भुकटी लागली तर उठा आणि चहा पिऊन घरी जा. मुंबईच्या हवेत तो फोम पंधरा-वीस वर्षांत पापडासारखा होतो. रबराची रिंग टिकते. फोम नवीन बसवून मिळतो पण सगळ्यांना जमत नाही, माझे एकाने असे बसवले की कोन तिरका, आणि प्रत्येक डग्ग्याला "खस्स".

ढब्बू_मिरची:
मी गणपती मंडळाचे दोन टॉप वापरतो घरी. सेन्सिटिव्हिटी ९८. अ‍ॅम्प १ वॉटवरच. वीज खूप वाचते.

मावशी_ऑनलाईन:
@ढब्बू, तुझी बिल्डिंग कुठली ते सांग, तिथे घर घ्यायचं नाही.

@माळ्यावरचा, मला वॉट-ओहम कळत नाही पण खोलीचं कळतं. खाली टाइल्स, समोर काच, म्हणजे तुझा हॉल बाथरूमसारखा वाजणार. टाळी वाजवून बघ, मागे "टिंग" असं शेपूट येतं का. आमच्याकडे यायचं. यांनी स्पीकर तीनदा बदलले. शेवटी मी दिवाळीला सोलापुरी सतरंजी टाकली, काचेला जाड पडदा लावला आणि पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं. तेव्हा हे म्हणाले, स्पीकर आता "खुलले". पडदा शिवायला दिलेले पैसे मी त्यांच्याकडून अजून वसूल करतेय.

सदाशिवपेठी_वीज:
मावशींना साष्टांग. हा या धाग्यातला सगळ्यात किफायतशीर सल्ला आहे.

यात जोडतो: स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, खालचा आवाज फुगतो आणि तबला हंड्यासारखा वाजतो. भिंतीपासून निदान फूटभर पुढे. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी साधारण सारखा. छोटा गोल ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला. टीव्हीच्या बुटक्या टेबलावर ठेवलेत तर किशोरीताई तुमच्या गुडघ्यांसाठी गातील.

आणि टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर नको. स्पीकरचा धक्का टेबलातून सुईत, सुईतून अ‍ॅम्पमधे, पुन्हा स्पीकर. घूं घूं घूं. भिंतीला जड फळी ठोका.

माळ्यावरचा:
सगळं लिहून घेतोय. अडचण एकच, जिथे त्रिकोणाचं एक टोक येतं तिथे देवघर आहे. आईला विचारलं तर म्हणाली त्रिकोण तू सरक.

तळकोकण:
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). कुडाळहून लिहितोय, एक सावधगिरीची सूचना. माळ्यावरच्या तबकड्या म्हणजे बुरशी असणारच. एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल आणि एक थेंब भांड्याचं लिक्विड, मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने, चालतं. पण त्या २७ ना अल्कोहोल लावू नका म्हणजे नकाच. ७८ लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमधे विरघळते, पॉलिशवाला सुतार बघा तेच करतो. माझ्या काकाने बालगंधर्वांची एक तबकडी प्रेमाने स्पिरिटने पुसली. कापूस काळा, तबकडी गुळगुळीत, नारायणराव गायब.

७८ ला नुसतं पाणी, साबणाचा थेंब, लगेच टिपून कोरडी. मधलं लेबल भिजवायचं नाही. आणि उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक ठेवल्या तर खालच्या तडकतात.

खरखर:
नारायणराव गायब वाचून चहा सांडला.

अवांतर: स्पीकरच्या वायरीबद्दल कुणीच कसं काही बोललं नाही अजून? माझ्या मते चांगल्या वायरीने वरचे सूर...

सदाशिवपेठी_वीज:
आलं! १० फुटांसाठी फिनोलेक्सची १.५ ची वायर. पुढे बोलू नका, मागच्या वर्षीचा तो धागा संपादकांना कुलूप लावून बंद करावा लागला होता.

माळ्यावरचा:
वायर राहू द्या. आज दुकानात टर्नटेबल लावून ऐकवायला सांगितलं तर आवाज डासासारखा, बारीक, खाली काहीच नाही. विक्रेता म्हणाला रेकॉर्डचा आवाज असाच असतो, लोकांना उगाच कौतुक. खरंय का?

खरखर:
खोटंय. त्याने ते ऑक्समधे (अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटमधे) घातलं असणार. नीट सांगतो. सुईतून निघणारा सिग्नल ४-५ मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो साधारण २ व्होल्ट. म्हणजे शेकडो पट कमी. शिवाय तबकडी कापतानाच खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, टोकाला २० डीबीपर्यंत, नाहीतर डग्ग्याच्या लाटा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर निम्मा रागही मावणार नाही. वाजवताना हे बरोब्बर उलटं करावं लागतं. याला आरआयएए म्हणतात, साधारण १९५४ पासून सगळ्यांनी हेच धरलं. हे उलटं करण्याचं काम फोनो स्टेजचं. तो अ‍ॅम्पमधे असतो (मागे "फोनो" लिहिलेलं), किंवा टर्नटेबलमधे, किंवा वेगळी डबी.

एलपी१२०एक्सच्या मागे छोटी खटकी आहे, फोनो/लाइन. अ‍ॅम्पला फोनो असेल तर खटकीही फोनोला. नसेल तर खटकी लाइनला आणि वायर ऑक्सला. दोन्हीकडे चालू केलंत तर दोनदा उलटं होईल आणि घरात लाउडस्पीकरवरून भाषण चालू आहे असं वाटेल.

सदाशिवपेठी_वीज:
हे मात्र झकास सांगितलंत. (तारीख लिहून ठेवा.)

ढब्बू_मिरची:
दोघांचं जमलं. आता पाऊस पडणार.

---

माळ्यावरचा:
तीन आठवड्यांनी हजर. घेतलं!

टर्नटेबल एलपी१२०एक्स, ७८ ची वेगळी सुई, वजनाचा काटा. स्पीकर जुने घेतले, इंग्लिश कंपनीचे शेल्फवर मावणारे, ८६ डीबी, ८ ओहम, रबराची रिंग (बोट लावून बघितलं, विकणारा जरा चमकला). अ‍ॅम्प नवा, साधा, ४० वॉट, मागे फोनो आहे. सतरंजी घरातलीच. हिशोब ५७,८०० वर थांबला, उरलेल्यातून पडद्याचं कापड आणलं. देवघर हललं नाही. खुर्ची हलली, त्रिकोण थोडा लंगडा आहे.

पहिल्या रात्री ७८ लावली. खरखर आहेच, पण तिच्या मागे ऑर्गन कुठे बसलाय ते कळतं. आई आतून पोळीचा तवा बंद करून आली, दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, आमच्या वेळी एवढा श्वास ऐकू येत नव्हता.

पण एक लफडं आहे. अ‍ॅम्पमधून सतत "झ्झ्झ" येतं. टर्नटेबलची ती बारीक अर्थची वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला लावलीय. ऑक्सवर येत नाही, फोनोवरच.

सदाशिवपेठी_वीज:
सॉकेटला अर्थिंग आहे का नुसतीच तिसरी भोकं? आणि "हम्म" असा जाड आवाज आहे की "झ्झ" असा चरचरीत?

माळ्यावरचा:
चरचरीत. अर्थिंग इलेक्ट्रिशियनने टेस्टरने बघितलं, आहे. गंमत म्हणजे रात्री एकदम शांत होतं, दुपारी येतं.

काळी_पाच:
दुपारी पंखा कितीवर असतो?

माळ्यावरचा:
दोनवर... थांबा.

पंखा पाचवर, आवाज गेला. बंद, गेला. दोनवर, झ्झ्झ. काळी_पाच, तुमचे कान आहेत की काय आहेत?

सदाशिवपेठी_वीज:
गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे ना? तो प्रत्येक ठोक्यात वीज मधेच कापतो, त्याचा कचरा हवेतून आणि वायरीतून पसरतो, आणि फोनो ४ मिलिव्होल्टवर कान लावून बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येतं. रात्री तुम्ही हॉलमधला पंखा लावत नसाल. पायरीपायरीने कटकट वाजणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. किंवा जुना तो मोठा चौकोनी डबा, आत वायर गुंडाळलेला, तोही गप्प असतो. फक्त तापतो.

माळ्यावरचा:
तो डबा सांगलीच्या माळ्यावर त्याच खोक्याशेजारी होता. मी भंगारवाल्याला २० रुपयांत दिला.